पेंडीपासून अळीपर्यंत : भारतीय मत्स्यशेतीतील खाद्यप्रथिनांचा इतिहास

दरवर्षी १० जुलै रोजी देशभर राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन साजरा होतो. १९५७ साली याच दिवशी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून कार्पवर्गीय माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तोवर रोहू, कटला, मृगळ यांचे मत्स्यबीज पावसाळ्यातील पुराच्या पाण्यातून जाळ्यांनी गोळा करावे लागे आणि मातीच्या हंड्यांतून दूरदूरच्या तळ्यांपर्यंत न्यावे लागे. अंगुलच्या प्रयोगाने ही पराधीनता संपली. बीजाची ही कथा सुदैवाने पाठ्यपुस्तकांत पोहोचली आहे.

खाद्याची कथा मात्र तितकीशी सांगितली जात नाही. वास्तविक, मत्स्यशेतीच्या चालू खर्चातील निम्म्याहून अधिक वाटा खाद्याचा असतो आणि खाद्यातील सर्वांत महाग घटक म्हणजे प्रथिने. देशातील गोड्या पाण्यातील मासळी सामान्य माणसाला परवडेल की नाही, हे बऱ्याच अंशी या प्रथिनांच्या किमतीवर ठरते. अलीकडे ‘पर्यायी प्रथिने’ या नावाखाली अळ्या, जिवाणू, शैवाल यांच्या बातम्या वारंवार येतात. फिशमील म्हणजे सुकवून दळलेल्या समुद्री मासळीची भुकटी हे माशांचे मूळ खाद्य असून आता त्याला पर्याय शोधला जात आहे, असे या बातम्यांवरून वाटते. भारतातील गोड्या पाण्याच्या बाबतीत इतिहासाचा क्रम बराचसा याच्या उलट आहे.

तळे हेच स्वयंपाकघर

माशांना काय खाऊ घालावे याचा विचार या देशात जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ज्ञानकोशात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण आहे. त्यात माशांचे प्रकार, त्यांचे अधिवास, गळ टाकण्याची रीत आणि कोणत्या माशाला कोणते खाद्य आवडते याची माहिती येते. भारतीय मत्स्यविज्ञानाचे अध्वर्यू डॉ. सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे प्राणिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. तेथील हेतू राजाच्या करमणुकीचा होता. पण माशाच्या जातीनुसार खाद्य बदलते, हे निरीक्षण पुढच्या सगळ्या विज्ञानाचे बीज मानता येईल.

बंगाल, बिहार आणि ओडिशा येथील गावतळ्यांत मात्र राजविनोद नव्हता. तेथे घरच्या भाताचा कोंडा आणि घाण्यावरची मोहरीची पेंड हेच माशांचे पूरक खाद्य होते. पुढे भुईमुगाची पेंड मुबलक झाल्यावर कोंडा आणि पेंड सारख्या वजनाने मिसळण्याची रीत रूढ झाली. कृषिविस्ताराच्या पुस्तिकांनीही तीच स्वीकारली. या मिश्रणात मासळीची भुकटी नव्हती.

एवढ्याशा खाद्यावर मासे वाढत कसे? याचे उत्तर तळ्यातच होते. शेण, पालापाचोळा आणि सूर्यप्रकाश यांच्या योगाने पाण्यात वनस्पतिप्लवक वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणिप्लवक जगतात, आणि तळाच्या गाळात अळ्या व कृमी राहतात. कटला पृष्ठभागाजवळचे प्लवक टिपतो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ धुंडाळतो. प्लवकांच्या कोरड्या वजनात प्रथिनांचे प्रमाण भरपूर असते. त्यामुळे विरळ साठवणीच्या तळ्यात माशाची प्रथिनांची गरज निसर्गच भागवत असे. कोंडा मुख्यत्वे ऊर्जा पुरवी, आणि त्यामुळे प्लवकांतून मिळालेली प्रथिने शरीर वाढवण्यासाठी शिल्लक राहत.

या तत्त्वाचे सर्वांत भव्य उदाहरण कोलकात्याच्या पूर्वेस आजही पाहावयास मिळते. शहराचे सांडपाणी उथळ भेड्यांत सोडून त्यातील पोषकद्रव्यांवर शैवाल वाढवायचे आणि शैवालावर मासे पोसायचे, ही पद्धत तेथील मच्छीमारांनी १९३० च्या सुमारास रुळवली. सुमारे साडेबारा हजार हेक्टरांचा हा पाणथळ प्रदेश २००२ साली रामसर यादीत आला. या व्यवस्थेचे महत्त्व जगासमोर मांडणारे ध्रुवज्योती घोष तिला शहराची सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणाच मानत. प्रथिनांच्या दृष्टीने पाहिले तर तेथे नगराचा नत्र माशाच्या मांसात रूपांतरित होतो आणि त्यासाठी विकतच्या खाद्याची गरज अत्यल्प असते.

शत्रूचेच अन्न

स्वातंत्र्याच्या वर्षीच, मार्च १९४७ मध्ये, केंद्रीय अंतर्देशीय मत्स्यसंशोधन केंद्राची स्थापना झाली. पुढे त्याचे मुख्यालय बराकपूर येथे आले आणि तळ्यातील मत्स्यशेतीचा विभाग कटक येथे काम करू लागला. प्रेरित प्रजननामुळे मत्स्यजिरे हवे तेवढे मिळू लागले, तेव्हा दुसरीच अडचण उभी राहिली. संगोपन तळ्यात सोडलेल्या लक्षावधी पिलांपैकी फारच थोडी जगत. एकाच तळ्यात इतक्या पिलांना पुरेल एवढे प्राणिप्लवक नसत, आणि कोंडा-पेंडीवर इवल्या पिलांचे भागत नसे.

१९६० च्या दशकात कटक येथील शास्त्रज्ञांनी पिलांसाठी वेगळे खाद्य तयार केले. त्यात तीन घटक होते : लहान कोळंबी, स्वस्त कडधान्याचे पीठ आणि तळ्यातील पाणकीटक, तेही सुकवून व बारीक दळून. हे कीटक म्हणजे पाठीवर उलटे पोहणारे नोटोनेक्टिड होत. मत्स्यजिऱ्यांचे ते कट्टर शत्रू. बीज सोडण्यापूर्वी पाण्यावर तेल व साबणाचे मिश्रण पसरून त्यांचा नायनाट करावा, असा सल्ला आजही दिला जातो. ज्यांना मारून फेकले जाई, त्यांचेच पिलांसाठी अन्न झाले. ‘कीटकप्रथिन’ हा शब्द गुंतवणूकदारांच्या तोंडी येण्यापूर्वी जवळजवळ अर्धे शतक भारतीय प्रयोगतळ्यांत कीटकांची भुकटी वापरली जात होती.

तो प्रयोग मोठ्या प्रमाणावर पसरला नाही, याचे कारणही समजण्यासारखे आहे. तळ्यातून कीटक गोळा करून सुकवणे हे मजुरीचे काम होते आणि त्यांचा पुरवठा ऋतूनुसार बदले. पेंडीचे पोते मात्र वर्षभर बाजारात मिळे. उत्तम प्रथिन आणि नियमित मिळणारे प्रथिन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा येथे प्रथम दिसतो. पुढेही तो वारंवार गिरवावा लागला.

दहा अमिनो आम्ले आणि वरण-भात

अंगुलचा प्रयोग झाला त्याच १९५७ साली अमेरिकेत जॉन हॅल्व्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिनूक जातीच्या सामन माशावरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शुद्ध अमिनो आम्लांपासून बनवलेल्या आहारातून एकेक आम्ल वगळून त्यांनी दाखवले, की माशाला दहा अमिनो आम्ले आहारातूनच मिळावी लागतात. या शोधाने प्रश्नाचे स्वरूप पालटले. माशाला फिशमील हवे असते, पेंड हवी असते असे म्हणणे अपुरे ठरले. त्याला लायसिन, मिथिओनिन, थ्रिओनिन आणि इतर सात आम्ले ठरावीक प्रमाणात हवी असतात. ती कोठून येतात याची माशाच्या पेशींना फिकीर नसते.

मराठी घरात हे तत्त्व रोज ताटात वाढले जाते. तांदळाच्या प्रथिनांत लायसिन कमी आणि डाळीत मिथिओनिन कमी. वरण-भात एकत्र आला की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भुईमुगाच्या पेंडीत चाळीस टक्क्यांहून अधिक प्रथिने असली तरी लायसिन व मिथिओनिन दोन्ही तोकडी पडतात. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन चांगले, पण मिथिओनिन कमी. एकच पेंड कितीही खाऊ घातली तरी जे आम्ल सर्वांत तोकडे तेच वाढीची मर्यादा ठरवते आणि उरलेल्या प्रथिनांतील नत्र अमोनियाच्या रूपाने पाण्यात जातो.

भारतीय माशांची गरज मोजण्याचे काम पुढील तीन दशके चालले. १९७८ साली पी. आर. सेन व सहकाऱ्यांनी कार्पच्या पिलांच्या आहारात ४५ टक्के प्रथिने असावीत असे दाखवले. १९८६ साली रेणुकाराध्य आणि वर्गीस यांनी कटला व रोहूसाठी ३० टक्के प्रथिने पुरेशी असल्याचा निष्कर्ष काढला. १९९१ साली रवी आणि देवराज यांनी कटलाच्या अमिनो आम्लांच्या गरजेचे मोजमाप प्रसिद्ध केले. मंगळूरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय, अलिगढ मुस्लिम विद्यापीठ, भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यशेती संस्था आणि मुंबईत वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था या ठिकाणी हे शास्त्र घडत गेले.

याच काळात डॉ. एम. सी. नंदीशा यांनी सेना डी सिल्व्हा यांच्यासह एक साधी कल्पना कटला व रोहूवर तपासली. रोज भरपूर प्रथिनांचे खाद्य देण्याऐवजी काही दिवस जास्त आणि काही दिवस कमी प्रथिनांचे खाद्य आलटूनपालटून द्यायचे. योग्य वेळापत्रक साधले तर वाढ फारशी न घटता प्रथिनांची बचत होते, असे दिसले. नवा कच्चा माल शोधण्याइतकेच असलेला माल जपून वापरणे हाही पर्यायच होता, आणि त्यासाठी कारखाना उभारण्याची आवश्यकता नव्हती.

कोल्लेरूची पोती

१९७१ साली मिश्र मत्स्यशेतीचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प सुरू झाला. रोहू, कटला, मृगळ यांच्या जोडीला चंदेरा, गवत्या आणि सायप्रिनस हे तीन विदेशी मासे एकत्र वाढवण्याची ही पद्धत होती. त्या काळी देशातील तळ्यांचे सरासरी उत्पादन हेक्टरी सुमारे ६०० किलो होते. प्रकल्पातील तळ्यांनी त्याच्या कितीतरी पट उत्पादन दिले. साठवण दाट झाली आणि त्याबरोबर तळ्याचे नैसर्गिक स्वयंपाकघर अपुरे पडू लागले.

या बदलाचे रूप १९८० च्या दशकात आंध्र प्रदेशातील कोल्लेरू सरोवराच्या परिसरात दिसले. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधल्या सखल भागातील भातखाचरे तळी बनली. तेथून बर्फात भरलेली रोहू-कटलाची पेटी ट्रकने थेट कोलकात्याच्या बाजारात जाऊ लागली. कोल्लेरूच्या शेतकऱ्यांनी खाद्य देण्याची स्वतःची युक्ती काढली. तेल काढून घेतलेला भाताचा कोंडा आणि त्यात भुईमुगाची वा सरकीची पेंड मिसळून ते भोके पाडलेल्या पोत्यांत भरायचे आणि पोती बांबूला किंवा दोरीला बांधून पाण्यात सोडायची. मासे भोकांतून खाद्य ओढून घेत. पाण्यात विरघळून जाणारे खाद्य वाचले आणि संध्याकाळी पोते रिकामे झाले की नाही यावरून माशांच्या भुकेचा अंदाजही येऊ लागला. ही पद्धत कोणत्याही प्रयोगशाळेने दिली नव्हती.

या यशाची किंमतही मोजावी लागली. सरोवराचे पात्र तळ्यांनी व्यापले. १९९९ साली कोल्लेरू अभयारण्य घोषित झाले आणि २००६ साली शासनाने अभयारण्याच्या हद्दीतील तळ्यांचे बांध फोडले.

पेंडींचे दोषही याच दरम्यान नीट कळू लागले. मोहरीच्या पेंडीत ग्लुकोसिनोलेट असतात आणि सरकीच्या पेंडीतील गॉसिपॉल लायसिनला जखडून ठेवते. कच्च्या सोयाबीनमध्ये पचन रोखणारा ट्रिप्सिन-निरोधक असतो आणि तो उष्णतेनेच निष्प्रभ होतो. ओलसर साठवलेल्या भुईमूग पेंडीवर बुरशी येऊन अफ्लाटॉक्सिन तयार होते. १९६० साली इंग्लंडमध्ये ब्राझीलहून आलेल्या भुईमूग पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा या विषाचा शोध लागला. त्याच सुमारास अमेरिकेतील ट्राउट माशांत यकृताचा कर्करोग आढळला. त्याचे मूळ बुरशी लागलेल्या सरकीच्या पेंडीत निघाले. वनस्पतिज प्रथिने स्वस्त असली तरी ती निर्धोक करण्याचे काम वेगळे करावे लागते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

समुद्राचे तळ्यावरील ऋण

फिशमील भारतीय गोड्या पाण्यात उशिरा आले. १९९० च्या दशकाच्या मध्यास पंगॅशियस हा मासा बांगलादेशमार्गे बंगालमध्ये व पुढे आंध्रात पोहोचला. दाट साठवणीत वाढणाऱ्या या माशाबरोबर कारखान्यात बनलेल्या तरंगत्या गोळीखाद्याचा प्रसार झाला. दाब आणि उष्णता देऊन फुगवलेली ही गोळी पाण्यावर तरंगते, त्यामुळे शेतकऱ्याला मासा खातो की नाही ते डोळ्यांनी दिसते. गोळीतील प्रथिनांचा समतोल साधण्यासाठी आणि स्वादासाठी थोडे फिशमील सोयीचे पडते. मत्स्यजिऱ्यांचे खाद्य, मरळ व मागूर यांसारख्या मांसाहारी माशांचे खाद्य यांत त्याचा वाटा मोठा. कार्पच्या खाद्यात तो आजही अल्प आहे. देशातील फिशमीलचा मोठा ग्राहक कोळंबी उद्योग आणि निर्यात हाच राहिला.

तरीही समुद्राला त्याची झळ लागतेच. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कर्नाटकात, फिशमील व मत्स्यतेलाचे कारखाने उभे राहिले आणि कोकणात पूर्वी ‘कुटी’ म्हणून खताला जाणारी बारीक मासळी आता कारखान्याला विकली जाऊ लागली. जाळ्यात आलेली अपरिपक्व मासळी फेकून देण्याऐवजी विकता येते, म्हणजे ती पकडण्यालाच उत्तेजन मिळते. केरळमध्ये २०१२ साली तारलीचे उत्पादन सुमारे चार लाख टनांवर गेले होते, ते २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही खाली आले. या घसरणीत सागरी परिस्थितीतील बदलांचा वाटा मोठा आहे. परंतु पिल्ले पकडली गेल्याने सावरण्याची शक्ती आणखी घटते, हे शास्त्रज्ञांचे मत आहे. केरळने २०१५ साली माशांच्या पकडण्यायोग्य किमान आकाराचे नियम लागू केले, त्यामागे हीच चिंता होती. तारली हे किनाऱ्यावरील गरिबांचे प्रथिन आहे. ते दळून दुसऱ्या माशाला घालायचे आणि तो मासा शहरात महाग विकायचा, यातला प्रश्न जितका जीवशास्त्राचा तितकाच न्यायाचा आहे.

पेरू, सोयाबीन आणि ऑगस्ट २०२१

फिशमीलचा जागतिक पुरवठा किती नाजूक आहे, हे १९७२-७३ साली दिसून आले होते. पेरूच्या किनाऱ्यावर १९७० साली अँकोव्हेटा या छोट्या माशाची पकड एक कोटी वीस लाख टनांच्या पुढे होती. अतिमासेमारी आणि एल निन्यो यांच्या संयुक्त माऱ्याने १९७३ पर्यंत ती वीस लाख टनांच्या आसपास उतरली. फिशमीलचे भाव कडाडले, पशुखाद्य उद्योग सोयाबीनकडे धावला, सोयाबीनही टंचाईत सापडले आणि जून १९७३ मध्ये अमेरिकेने त्याच्या निर्यातीवर बंदी घातली. एका समुद्रातील मासा आटला आणि दुसऱ्या खंडातील शेती बदलली. जपानने सोयाबीनसाठी ब्राझीलकडे मोर्चा वळवला तो या धक्क्यानंतर.

भारतात सोयाबीनचा विस्तारही याच सुमारास सुरू झाला. १९६० च्या दशकात जबलपूर आणि पंतनगर येथील कृषी विद्यापीठांनी इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने त्याच्या चाचण्या घेतल्या. मध्य प्रदेश आणि पुढे विदर्भ-मराठवाडा येथे हे पीक पसरले. त्याची पेंड, म्हणजे ४५ टक्क्यांहून अधिक प्रथिनांचा मुबलक साठा, आधी मुख्यतः निर्यात होई. कुक्कुटपालन आणि मत्स्यखाद्य वाढले तशी ती देशातच लागू लागली.

सोयाबीनच्या एका दोषावर मुंबईत महत्त्वाचे काम झाले. वनस्पतिज खाद्यातील बराच फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेला असतो. रोहूसारख्या कार्पवर्गीय माशांना खरे जठर नसते, म्हणून आम्लयुक्त पाचकरसही नसतो. परिणामी हा फॉस्फरस न पचता पाण्यात उतरतो आणि तेथे शैवालाचा अतिरेक घडवतो. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतील संशोधकांनी २००० च्या दशकात रोहूच्या खाद्यात फायटेज हे सूक्ष्मजीवजन्य विकर आणि सायट्रिक आम्ल एकत्र वापरून पाहिले. जठराची उणीव खाद्यातील आम्लाने भरून काढण्याचा हा प्रयत्न होता आणि त्याने खनिजांचे शोषण सुधारल्याचे दिसले. पेंड तीच, पण माशाच्या अंगी लागणारा तिचा वाटा वाढला.

सोयाबीनने प्रश्न सुटला असे वाटत असतानाच ऑगस्ट २०२१ मध्ये देशातील सोयाबीनचे भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या वर गेले. कुक्कुट व मत्स्य उत्पादकांच्या मागणीवरून केंद्र सरकारने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी दिली. त्यानंतर नवे पीक बाजारात येता येता भाव कोसळले आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेशातील सोयाबीन उत्पादक संतप्त झाले. तळ्यावरच्या शेतकऱ्याचा खर्च हे शिवारातल्या शेतकऱ्याचे उत्पन्न असते, ही गाठ त्या महिन्यांत उघडी पडली. फिशमीलच्या जागी सोयाबीन आणल्याने हितसंबंधांचा संघर्ष मिटला नव्हता. त्याने फक्त समुद्रावरून जमिनीवर स्थलांतर केले होते.

कोष, माशी आणि मिथेन

आता ज्यांची चर्चा होते त्या पर्यायांपैकी सर्वांत जुना भारतीय पर्याय रेशमाच्या कोषात आहे. कोष उकळून धागा काढला की आतला प्युपा उरतो. सुक्या प्युपात निम्मी प्रथिने आणि पाव ते तीस टक्के मेद असतो. चीनमधील पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात तुतीचे बांध, रेशीमकीटक आणि मत्स्यतळी यांची सांगड शतकानुशतके होती. कर्नाटकात रेशीम उद्योग हाताशी असल्याने मंगळूरच्या महाविद्यालयात जयराम व शेट्टी यांनी १९८० साली कटला, रोहू आणि सायप्रिनस यांना प्युपायुक्त खाद्य देऊन पाहिले. नंदीशा व सहकाऱ्यांनी पुढे पचनीयता आणि मांसाची गुणवत्ता यांचाही अभ्यास केला. निष्कर्ष उत्साहवर्धक होते. फक्त प्युपातील मेद लवकर खवट होतो. जपानमध्ये असे खवट प्युपा खाल्लेल्या कार्प माशांना स्नायू झिजवणारा ‘सेकोके’ रोग झाल्याची नोंद आहे. मेद काढून टाकल्यास किंवा ई जीवनसत्त्वाची जोड दिल्यास हा धोका टळतो.

मर्यादा आहे ती प्रमाणाची. एक किलो कच्च्या रेशमामागे साधारण दोन किलो सुके प्युपा मिळतात. २०२३-२४ साली भारताचे वार्षिक कच्चे रेशीम ३८ हजार टनांच्या घरात होते, म्हणजे सगळे प्युपा गोळा केले तरी सुमारे ७५ हजार टन. फक्त दहा लाख टन मासळी वाढवायची म्हटली आणि किलोमागे दीड किलो खाद्य धरले, तर खाद्यच पंधरा लाख टन लागते. २०२३-२४ साली देशाचे अंतर्देशीय मत्स्योत्पादन सुमारे १३९ लाख टन होते. प्युपा उत्तम आहे, पण एकट्याने हा भार पेलणार नाही.

म्हणून ओल्या कचऱ्यावर वाढणाऱ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीकडे लक्ष गेले. तिच्या सुक्या अळीत सुमारे चाळीस टक्के प्रथिने असतात. युरोपीय संघाने जुलै २०१७ पासून मत्स्यखाद्यात कीटकप्रथिने वापरण्यास परवानगी दिली. भारतातही या अळीचे आणि रेशीमकीटकाचे प्रथिन बनवणारे उद्योग उभे राहत आहेत. बंगळुरूतील ‘लूपवर्म’ त्यांपैकी एक. त्याच शहरातील ‘स्ट्रिंग बायो’ मिथेन वायूवर जिवाणू वाढवून प्रथिन तयार करते. या कल्पनेलाही भूतकाळ आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९८० च्या सुमारास बिलिंगहॅम येथे मिथेनॉलवर जिवाणू वाढवून ‘प्रुटीन’ नावाचे पशुखाद्य बाजारात आणले होते. विज्ञान यशस्वी झाले, पण सोयाबीन त्याहून स्वस्त पडले आणि प्रकल्प गुंडाळावा लागला.

कचऱ्यातून प्रथिन काढण्याच्या मोहाची एक काळी बाजूही देशाने पाहिली आहे. आफ्रिकी मागूर हा मासा कत्तलखान्यातील टाकाऊ मांसावर वेगाने वाढतो. बंदी असूनही अनेक ठिकाणी त्याची छुपी शेती झाली. कुजके मांस टाकलेली तळी आजूबाजूचे पाणी नासवत राहिली आणि निसटलेले मासे देशी माशांवर ताव मारू लागले. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर २०१९ पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत असे साठे नष्ट करण्यात आले. वाया जाणारे प्रथिन वापरणे योग्यच. पण कच्चा कचरा थेट माशाला घालणे आणि तोच कचरा नियंत्रित, तपासलेल्या प्रक्रियेतून खाद्यात बदलणे यांत मोठे अंतर आहे. अळीउद्योगाला हे अंतर सतत सिद्ध करावे लागेल.

इतिहासातून काय दिसते?

या सगळ्या कालखंडांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडली आहे. एखादी वस्तू टाकाऊ म्हणून जवळपास फुकट मिळते, माशांना मानवते, तिला मागणी येते आणि मग ती टाकाऊ राहत नाही. कोंड्यातून आधी तेल निघू लागले आणि उरलेल्या कोंड्यालाही भाव आला. भुईमुगाची पेंड गुरांना, कोंबड्यांना आणि माशांना एकाच वेळी हवी झाली. कोकणातल्या कुटीच्या मासळीचे आणि मराठवाड्यातल्या सोयाबीनचेही तेच झाले. अळ्यांना लागणारा ओला कचरा उद्या विकत घ्यावा लागला, तर त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. त्यामुळे कोणत्याही एका प्रथिनावर देशाची मत्स्यशेती उभी करणे धोक्याचे ठरेल. हॅल्व्हर यांच्या दहा आम्लांनी त्यातून सुटण्याचा मार्गही दाखवला आहे. गरज आम्लांच्या समतोलाची असल्यामुळे आसामात मोहरी, कर्नाटकात प्युपा आणि महाराष्ट्रात सोयाबीन अशी प्रदेशागणिक वेगळी मिश्रणे तितकीच शास्त्रशुद्ध ठरू शकतात.

१९५०-५१ साली देशाचे एकूण मत्स्योत्पादन साडेसात लाख टन होते आणि त्यात अंतर्देशीय मासळीचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता. २०२३-२४ साली एकूण उत्पादन १८४ लाख टनांवर गेले होते आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश मासळी गोड्या व अंतर्गत पाण्यातून आली होती. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेने मत्स्यशेतीची उत्पादकता हेक्टरी तीन टनांवरून पाच टनांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते. या दोन जादा टनांसाठी बीज आहे, पाणीही बऱ्याच ठिकाणी आहे. त्यांचे प्रथिन समुद्रातून येईल, शिवारातून, कारखान्यातून की अंशतः तळ्याच्या स्वतःच्या हिरव्या पाण्यातून, यावर पुढच्या पिढीच्या ताटातील रोहूची किंमत ठरणार आहे.